लहान मालवाहू गाडीचे लहान डिझेल इंजिन

टोमॅटो, पालेभाज्या, फुले, दूध यांसारखा नाशवंत माल वेळेवर पेठेत पोहोचला तरच शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे पडतात. यासाठी अनेक शेतकरी, कोणी एकट्याने तर कोणी दोघे-तिघे मिळून, स्वतःची लहान मालवाहू गाडी बाळगू लागले आहेत. गाडी घेताना एक शंका हमखास विचारली जाते, ती अशी की, इंजिन एवढेसे, ते घाटात भार ओढील काय? शंका रास्त आहे. गाडीच्या कर्जाचे हप्ते अनेक वर्षे फेडावयाचे असतात, आणि ऐन हंगामात इंजिन निकामी झाले तर गाडीबरोबर मालही जातो.

इंजिनाचा आकार सी.सी.मध्ये सांगतात. दट्ट्या नळकांड्यात खालून वर सरकताना जेवढी जागा व्यापतो, तिचे हे माप होय. परंतु आकार म्हणजे शक्ती नव्हे. विहिरीवर पाणी उपसणाऱ्या ५ अश्वशक्तीच्या एका प्रचलित डिझेल इंजिनाचा आकार सुमारे ५५० सी.सी. असतो व ते मिनिटास १,५०० फेरे घेते. सन २००५ मध्ये बाजारात आलेल्या व खेड्यापाड्यांत 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या गेलेल्या टाटा एस या गाडीचे इंजिन दोन नळकांड्यांचे, ७०२ सी.सी.चे होते. म्हणजे विहिरीवरील इंजिनापेक्षा ते थोडेसेच मोठे. पण ते १६ अश्वशक्ती देई, कारण ते मिनिटास ३,२०० फेरे घेई. इंडिका या मोटारीच्या १,४०५ सी.सी.च्या चार नळकांड्यांच्या इंजिनाचे ते जणू अर्धे करून बनविले होते. यापुढची पायरी सन २०१६ मध्ये बोलेरो गाडीत बसविलेल्या तीन नळकांड्यांच्या इंजिनाची. आकार १,४९३ सी.सी., फेरे ३,६०० आणि शक्ती सुमारे ७० अश्वशक्ती.

हे आकडे एका लिटरच्या हिशेबाने मांडले तर विहिरीवरील इंजिन लिटरमागे ९, छोटा हत्ती २३ आणि बोलेरोचे इंजिन ४७ अश्वशक्ती देते. पहिली वाढ मुख्यतः वेगाची आहे. दुसरी वाढ वेगाची नाही, कारण ३,२०० आणि ३,६०० यांत फारसे अंतर नाही. ती हवेची व फवाऱ्याची आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. किती डिझेल जळेल हे नळकांड्यात किती हवा आहे यावर ठरते. साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते. टर्बो असलेल्या इंजिनात बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक लहान चक्र फिरते व त्याच आसावरील दुसरे चक्र हवा कोंबून आत भरते. दाबलेली हवा तापून विरळ होते, म्हणून वाटेत तिला थंड करण्याची जाळीही बसवितात. अशा रीतीने लहान नळकांड्यात मोठ्या नळकांड्याइतकी हवा मावते.

फवाऱ्याची गोष्ट शेतकऱ्यास समजावून सांगणे सोपे आहे. पाठीवरील पंपाचा दाब कमी पडला की औषधाचे थेंब जाड पडतात व पानावरून ओघळून जातात; दाब पुरेसा असला की धुके बनून सर्व पान भिजते. डिझेलचेही तसेच आहे. नव्या इंजिनात एका सामाईक नळीत डिझेल हवेच्या दाबाच्या हजार ते दोन हजार पट दाबाने भरून ठेवतात व विजेच्या इशाऱ्याने ते बारीक छिद्रांतून सोडतात. त्यामुळे ते पूर्ण जळते, धूर कमी होतो व ओढ वाढते.

मग पूर्वी मोठी इंजिने का बसवीत? तंत्र नव्हते हे एक कारण. पण दुसरे कारण सरकारी पट्टीचेही आहे. चार मीटरपर्यंत लांबीच्या व १,५०० सी.सी.पर्यंतच्या डिझेल प्रवासी गाड्यांना सन २००६ पासून कमी कर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ च्या नव्या दरांतही ती मर्यादा कायम राहिली. बोलेरोचे पूर्वीचे इंजिन २,५२३ सी.सी.चे व सुमारे ६३ अश्वशक्तीचे होते; आकार हजार सी.सी.ने घटला आणि शक्ती वाढली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सी.सी. व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबविली, तेव्हा १.९९ लिटरची इंजिने काही आठवड्यांतच बाजारात आली. ती बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये उठली. यावरून सी.सी.चा आकडा पाहून इंजिनाची परीक्षा करणे किती फसवे आहे, हे ध्यानात यावे. ग्राहकाने पाहावयाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे आसाला पीळ देणाऱ्या जोराचा होय; आणि तो किती कमी फेऱ्यांवर मिळतो हेही विचारावे. चढावर भरलेली गाडी हालविण्यास हाच जोर उपयोगी पडतो.

मात्र लहान इंजिनाकडून मोठे काम घेतले जाते तेव्हा त्याची चुका सोसण्याची ताकद कमी होते. विहिरीवरील इंजिन गढूळ डिझेलवरही कुरकुरत चालते. नवे इंजिन तसे चालत नाही. फवारणी पंपाचे तोंड कचऱ्याने तुंबते, त्याहून कितीतरी बारीक छिद्रे येथे असतात. ट्रॅक्टरसाठी गोठ्यात ठेवलेल्या पिंपातील डिझेलमध्ये पाणी व गाळ असतो. ते गाडीत ओतू नये. रॉकेलची भेसळ तर सर्वांत वाईट, कारण दाबपंपाचे वंगण म्हणजे डिझेलच होय. गाळणीखालील पाणी काढण्याची चावी पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी उघडावी.

टर्बोचे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते. घाट चढून आल्याबरोबर चावी बंद केली तर तेलाचा पुरवठा थांबतो, चक्र मात्र तापलेलेच राहते. म्हणून एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे. गाडी सुरू करतानाही लगेच गुरगुरवू नये. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे.

दिनांक १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले व डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. लांबच्या फेरीत ती तापून काजळी आपोआप जळते. गाडी केवळ शेत ते गाव अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करीत राहिली तर गाळणी तुंबते व समोर दिवा लागतो. तो दिसताच पुस्तिकेप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी. काही गाड्यांत युरियाच्या द्रावणाची निराळी टाकी असते. सर्वच लहान गाड्यांत ती नसते. पण जेथे असेल तेथे शेतातील युरिया पाण्यात कालवून कदापि ओतू नये. ते द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते. शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो व त्याने सर्व यंत्रणा खराब होते. घरात पोते असताना हा मोह होणे साहजिक आहे, म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट आवर्जून सांगावी.

ज्यांची रोजची ने-आण पाच-सहा क्विंटलची व सपाटीवरची आहे, त्यांना टर्बो डिझेलची गरजच नाही; पेट्रोलची वा सी.एन.जी.ची लहान गाडी अधिक सोयीची. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणकडे नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. उतारावर लहान इंजिनाची रोखशक्तीही कमी असते, म्हणून उतरताना खालचाच गिअर ठेवावा, ब्रेकवर विसंबू नये.

भाराचा हिशेब गाडीच्या नोंदणी पुस्तकावरून करावा. भरलेल्या गाडीच्या मान्य वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की भारक्षमता निघते. ती १,५०० किलो असेल आणि २० किलो टोमॅटो भरलेल्या क्रेटचे वजन क्रेटसह २२ किलो धरले, तर ६८ क्रेट बसतात, ७५ नव्हेत. त्यातून दोन हमाल मागे बसविले तर आणखी पाच-सहा क्रेट खाली ठेवावे लागतील. जादा भारास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे.