कर्ज फिटले, तरी हप्ता थांबवू नये

जयपूर शहर रत्नांना पैलू पाडण्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. या व्यवसायातील अनेक कारागिरांना नगाप्रमाणे मजुरी मिळते. मागणी घटली की उत्पन्न आटते आणि घरखर्चासाठी कर्ज काढावे लागते. अशा कुटुंबाने शेवटचा हप्ता फेडला, तरी हाताशी शिल्लक नसल्यास एखादे आजारपण त्याला पुन्हा सावकाराच्या दारी नेऊ शकते.

त्यामुळे कर्ज फिटताच प्रथम ते कागदोपत्री बंद झाल्याची खात्री करून घ्यावी. थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि खात्यातून हप्ता वळता करण्याची सूचना रद्द करावी. घर तारण असल्यास त्याची मूळ कागदपत्रे पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत करणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास कर्जदाराला प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई मिळते. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दखल न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

दुसरा मुद्दा खात्याचा. किमान शिल्लक राखणे कठीण असलेल्यांसाठी मूलभूत बचत खात्याची सोय आहे. त्यात किमान शिलकीची अट नसते. जुनी खातीही तपासून पाहावीत. 'स्टेट बँक ऑफ बिकानेर अँड जयपूर' ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्यामुळे तिच्या जुन्या खातेपुस्तकांबाबत आता स्टेट बँकेकडे चौकशी करावी लागते. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षांनंतर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. मात्र त्यानंतरही खातेदाराचा किंवा वारसाचा तिच्यावरील हक्क कायम राहतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बचतीचा. दरमहा २,००० रुपये हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला तेवढ्या रकमेविना घर चालविण्याची सवय झालेली असते. तीच रक्कम त्याच तारखेला आवर्ती ठेवीत वळविल्यास वर्षाअखेर २४,००० रुपये आणि त्यावरील व्याज जमा होते. टपाल कार्यालयातील आवर्ती ठेव तर दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे.

मजुरी अनियमित असल्यास लहान रकमेची ठेव ठेवावी आणि चांगल्या महिन्यातील जादा उत्पन्न बचत खात्यात राखावे. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक साठेपर्यंत नवे कर्ज टाळणे हिताचे ठरते.