वार्धक्य आणि शरीराचा तोल

म्हातारपणच्या दुखण्यांची गोष्ट निघाली कीं रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हीं मोठीं नांवें आपल्या तोंडीं प्रथम येतात. त्या मालिकेंत ‘पडणें’ हा साधा शब्द कोणी घालीत नाहीं. लहान मूल पडतें आणि कपडे झटकून पुन्हां धांवूं लागतें. वृद्ध माणूस पडलें म्हणजे ‘वय झालें, चालायचेंच’ असें म्हणून आपण तो विषय मिटवतों. परंतु वृद्धांचें पडणें हा केवळ दैवाचा खेळ नाहीं. त्याला कारणें आहेत. तीं ओळखतां येतात आणि त्यांतलीं पुष्कळशीं दूरहि करतां येतात. तीं कशीं, हेंच आज आपल्याला थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आधीं ह्या प्रश्नाची व्याप्ति पाहूं. पासष्ट वर्षांवरील दर तीन माणसांपैकीं सुमारें एक माणूस वर्षाकाठीं एकदां तरी पडतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिलेल्या माहितीप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६ लक्ष ८४ हजार माणसें पडल्यामुळें प्राणास मुकतात, आणि त्यांत साठीच्या पुढील माणसांचा भरणा सर्वांत अधिक असतो. आपल्या महाराष्ट्रांत २०११ च्या शिरगणतींतच साठी उलटलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली होती. तेव्हां हा प्रश्न आपल्या घरापासून फार दूरचा नाहीं. उतारवयांत हाडें विरळ झालेलीं असतात. साध्या पडण्यानेंहि खुब्यापाशीं मांडीचें हाड मोडतें. शस्त्रक्रिया होते, हाड जुळतें. पण एकट्यानें देवळांत जाणें, बाजारांतून भाजी आणणें, कोणाच्या आधारावांचून आंघोळ करणें हें अनेकांना पूर्वींप्रमाणें पुन्हां साधत नाहीं. हाडाबरोबर माणसाचें स्वातंत्र्यहि जायबंदी होतें.

आपण दोन पायांवर उभे राहतों ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते कीं तिच्यामागें केवढा कारभार चालतो ह्याचा विचार मनांत येत नाहीं. शरीर कोणत्या बाजूला कलत आहे ह्याची वार्ता मेंदूला तिघांकडून मिळते: डोळे, कानाच्या आंतील भागांत असलेलें तोलाचें इंद्रिय, आणि तळपाय व सांधे ह्यांतील संवेदना. ह्या वार्ता जुळवून मेंदु स्नायूंना हुकूम सोडतो व आपण सांवरतों. वय वाढतें तसे हे तिन्ही वार्ताहर थोडेथोडे मंदावतात. डोळ्यांत मोतीबिंदु वाढतो. मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होऊं लागतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून दिवसाउजेडीं फारसें जाणवत नाहीं. परंतु रात्रीं लघवीसाठीं उठलेलें माणूस अंधारांत चाचपडत निघतें तेव्हां डोळ्यांचीहि मदत बंद झालेली असते, आणि उंबरठ्यापाशीं घात होतो.

मेंदूचा हुकूम वेळेवर आला तरी तो बजावण्याचें बळ पायांत हवें. स्नायु वापरले तर टिकतात, न वापरले तर झडतात. वृद्धापकाळीं हें झडणें फार लवकर होतें. अमेरिकेंतील संशोधकांनीं निरोगी वृद्धांच्या एका लहानशा गटाला दहा दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगितलें होतें. तो प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. अवघ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील मांसल भाग सरासरीनें जवळजवळ एक किलो घटला होता.

आतां आपल्या घरांतला शिरस्ता पाहा. सासूबाई उठूं लागल्या कीं सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी आणतें पाणी.’ वडील पिशवी घेऊन निघाले कीं मुलगा ती हातांतून काढून घेतो. ह्यांत माया आहे, आदर आहे. परंतु दिवसांतून वीस वेळां घडणारें उठणें अशा रीतीनें दोनांवर आलें म्हणजे पायांची रोजची तालीमच बंद पडते. त्यांतच एखादे वेळीं पाय घसरला तर मनांत भीति बसते. भीतीमुळें माणूस हिंडत नाहीं, न हिंडल्यामुळें पाय दुबळे होतात, आणि दुबळे पाय पुन्हां पाडतात. हें चक्र कोठेंतरी तोडलें पाहिजे.

आपल्या जुन्या राहणींत ही तालीम आपोआप घडत असे. पाटावर बसून जेवणें, सतरंजीवर बसून वाचणें, जमिनीवर बसून भाजी निवडणें, ह्यांमुळें दिवसांतून कित्येक वेळां उठबस होई. जेवणाचें टेबल व कोच घरांत आले आणि ती कमी झाली. ब्राझीलमधील डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो व त्यांचे सहकारी ह्यांनीं ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजार स्त्रीपुरुषांना जमिनीवर बसून उठावयास सांगितलें, हात किंवा गुडघा टेकल्यास गुण कापले, आणि पुढें कांहीं वर्षें त्यांची नोंद ठेवली. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांत असें आढळलें कीं ज्यांचे गुण फार कमी होते त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण बरेंच अधिक होतें. मांडी घातल्यानें आयुष्य वाढतें असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये. पायांतलें बळ, सांध्यांचा लवचीकपणा व तोल हीं एकंदर प्रकृतीचीं चिन्हें आहेत, एवढाच त्याचा बोध. ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा सांधा बदलला आहे त्यांनीं हट्टानें खालीं बसण्याचें कारण नाहीं. खुर्चीवरूनहि हें काम होतें.

तें असें: भक्कम, बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. आरंभीं खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन व पुढें जमल्यास आधारावांचून उठावें, आणि धपकन् न पडतां सावकाश बसावें. असें आठ-दहा वेळां करावें. नंतर स्वयंपाकघरांतील ओटा धरून टांचा उचलाव्या. मग दहा आंकडे मोजीपर्यंत एका पायावर उभें राहावें आणि पाय बदलावा. शेवटीं पुढच्या पावलाची टांच मागच्या पावलाच्या बोटांना लावीत भिंतीच्या कडेनें दहा पावलें चालावें. प्रथम कोणीतरी जवळ असावें. छातींत दुखणें किंवा चक्कर येणें असा त्रास असल्यास आधीं डॉक्टरांना विचारावें. सकाळचें फिरणें हृदयाला हितकर खरें, पण तोल सुधारावयास तें एकटें पुरें पडत नाहीं. शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र विचार करून कॉक्रेन ह्या संस्थेनें २०१९ सालीं काढलेला निष्कर्ष असा कीं योग्य व्यायामानें पडण्याचें प्रमाण सुमारें चौथ्या हिश्श्यानें घटतें.

पाय बळकट करतांना घराकडेहि चौकस नजरेनें पाहावें. सर्वांत धोक्याची जागा न्हाणीघर. तेथें साबणाचें पाणी सांचूं देऊं नये, खरखरीत रबरी चटई घालावी आणि भिंतींत पक्का दांडा बसवावा. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उठण्याची संवय घातक आहे; माणसाचें वजन पेलण्यासाठीं त्या वस्तु बसविलेल्या नसतात. बिछान्यापासून शौचकूपापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. सुटीं पायपुसणीं, विजेच्या तारा, वाटेंतलीं स्टुलें दूर करावीं. पायघोळ साडी, धोतराचा लोंबता सोगा व मागें पट्टा नसलेल्या सैल सपाता ह्यांनींहि माणूस अडखळतें. काठीची लाज वाटूं देऊं नये; मात्र तिची मूठ मनगटाच्या उंचीची असावी व टोंकाला रबर असावें.

औषधांचाहि ह्यांत वांटा असतो. अंथरुणांतून एकदम उठतांच कित्येकांच्या डोळ्यांपुढें अंधारी येते, कारण रक्तदाब त्या वेळीं खालीं जातो. उभें राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आंत वरचा आंकडा २० नें किंवा खालचा १० नें उतरला तर डॉक्टर तो विकार मानतात. अशांनीं आधीं कुशीवर वळावें, पाय खालीं सोडून मिनिटभर बसावें, मग उठावें. झोंपेच्या गोळ्या व रक्तदाबाचीं कांहीं औषधें तोल बिघडवितात. तीं आपल्या मनानें बंद न करतां सर्व औषधें एकदां डॉक्टरांपुढें ठेवावीं. आपल्याच मनानें घेतलेलें शक्तीचें औषधहि अपाय करूं शकतें. ऑस्ट्रेलियांत सत्तरीच्या पुढील स्त्रियांना ‘ड’ जीवनसत्त्वाची पांच लक्ष एककांची मात्रा वर्षांतून एकदां देऊन पाहिली; २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत त्यांचें पडणें व हाडें मोडणें कमी होण्याऐवजीं वाढलेलें आढळलें. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढेंच घ्यावें. आहारांत मात्र डाळ, उसळ, दूध, दहीं, आणि चालत असल्यास अंडीं व मासे दोन्ही वेळां असावे. चहा-बिस्किटांवर रात्र काढल्यानें स्नायु पोसत नाहींत.

अखेरची गोष्ट घरांतील तरुण मंडळींसाठीं. पुष्कळ वृद्ध आपण पडल्याचें लपवितात. सांगितलें तर रागावतील, उद्यांपासून बाहेर जाऊं देणार नाहींत, ही त्यांची धास्ती असते. म्हणून पडण्याची चौकशी न रागावतां करावी: कोठें पडलां, कोणत्या वेळीं, उठतांना कीं वळतांना, चक्कर आली होती काय? एकदां पडलेलें माणूस पुन्हां पडण्याचा संभव अधिक, आणि ह्या उत्तरांतच पुढचें पडणें टाळण्याचा उपाय सांपडतो. पडलेल्याला घाईनें ओढून उठवूं नये. खुबा दुखत असेल, पाय आंखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर न हलवितां रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असून रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालू असेल तर, बाहेरून कांहीं दिसत नसलें तरीहि, रुग्णालयांत नेण्यास विलंब करूं नये.

एवढी काळजी घेऊन बाकीचें काम त्यांच्याकडेच राहूं द्यावें. आजोबांना दूध आणूं द्यावें, आजींना उठून देवाजवळ दिवा लावूं द्यावा. वडीलधाऱ्यांची सेवा करावयाची तर त्यांच्या वाटेंतले अडथळे आपण काढावे. वाट मात्र त्यांची त्यांनाच चालूं द्यावी.