ऑनलाइन प्रतिष्ठा व्यवस्थापन

ऑनलाइन प्रतिष्ठा व्यवस्थापन म्हणजे एखाद्या व्यवसायाचे नाव शोधयंत्रात टाकल्यावर दिसणाऱ्या निकालांवर लक्ष ठेवणे आणि त्यांतून उमटणारी व्यवसायाची प्रतिमा सुधारण्याचा प्रयत्न करणे होय. व्यवसायाचे संकेतस्थळ, बातम्या, समाजमाध्यमे, नकाशावरील नोंद आणि ग्राहकांचे अभिप्राय यांतून ही प्रतिमा घडते. यांपैकी बराचसा मजकूर इतरांनी लिहिलेला असल्यामुळे त्यावर व्यवसायाचा थेट ताबा नसतो.

महत्त्व

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. येल्प या संकेतस्थळावरील मानांकन एका ताऱ्याने वाढल्यास उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांत दिसला. मोठ्या साखळ्यांतील उपाहारगृहांत दिसला नाही. साखळीचे नाव ग्राहकाला आधीच ठाऊक असते, तर लहान व्यावसायिकाची पारख अनोळखी ग्राहक अभिप्रायांवरून करतो.

पद्धती

शोधयंत्रावरील व्यवसायाची नोंद स्वतःच्या ताब्यात घेऊन पत्ता व वेळा अचूक ठेवणे, अभिप्रायांना उत्तरे देणे, तक्रारींचे निवारण करणे आणि उपयुक्त मजकूर प्रसिद्ध करणे या मान्य पद्धती आहेत. नवा मजकूर वरच्या क्रमांकावर आल्यास जुना प्रतिकूल मजकूर खाली जातो, परंतु तो नष्ट होत नाही. धोरणाचा भंग करणारे अभिप्राय काढून टाकण्याची विनंती गूगलकडे करता येते. मात्र केवळ टीका केली आहे, हे त्यासाठी पुरेसे कारण मानले जात नाही.

गैरप्रकार आणि नियमन

२०१० मध्ये न्यू यॉर्कमधील एका चष्मेविक्रेत्याने, संतप्त ग्राहकांच्या तक्रारींमुळे आपले संकेतस्थळ गूगलवर वर येते, असा दावा केला. तक्रारींमधील दुव्यांमुळे हे घडते, असे त्याचे म्हणणे होते. न्यू यॉर्क टाइम्समध्ये हे वृत्त आल्यानंतर काही दिवसांतच, ग्राहकांना अत्यंत वाईट अनुभव देणाऱ्या विक्रेत्यांचे स्थान खाली आणणारा बदल केल्याचे गूगलने जाहीर केले.

खोटे अभिप्राय हा अधिक व्यापक प्रश्न आहे. २०१३ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी अशा प्रकरणात १९ कंपन्यांवर कारवाई केली. प्रामाणिक अभिप्राय देण्यास ग्राहकाला मनाई करणाऱ्या करारातील अटी अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने निरर्थक ठरवल्या. खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीस बंदी घालणारा तेथील संघीय नियम २०२४ मध्ये लागू झाला. भारतात भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक प्रसिद्ध केले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे पालन ऐच्छिक होते.

मर्यादा

युरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी गूगल स्पेन खटल्यात विशिष्ट परिस्थितीत शोधनिकालांतील दुवे हटवून घेण्याचा अधिकार मान्य केला. तथापि हा अधिकार वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर आधारित असल्याने तो व्यक्तींना आहे, कंपन्यांना नाही. शिवाय मजकूर दडपण्याच्या प्रयत्नामुळेच त्याला अधिक प्रसिद्धी मिळू शकते. याला 'स्ट्रायसँड परिणाम' म्हणतात. त्यामुळे खरी तक्रार लपवण्यापेक्षा तिचे कारण दूर करणे हाच प्रतिष्ठा सुधारण्याचा अधिक टिकाऊ मार्ग ठरतो.