पोलिश-अमेरिकन वारशाचे खरे शिल्पकार

ऑक्टोबर हा अमेरिकेत पोलिश-अमेरिकन वारशाचा महिना. त्यात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या पुलास्की आणि कोश्चुश्को या पोलिश सेनानींचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण हा वारसा टिकवला तो खाणीत, पोलाद कारखान्यांत, शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या मजुरांनी, असं माझं ठाम मत आहे. 1795 ते 1918 पोलंड नकाशावरच नव्हता; शेजारच्या सत्तांनी तो वाटून घेतला होता. त्यामुळे स्थलांतरितांची नोंद रशियन, जर्मन किंवा ऑस्ट्रियन प्रजाजन म्हणून व्हायची. पाठीशी स्वतःचं सरकार नसताना या माणसांनी वर्गणीतून चर्च, शाळा, वर्तमानपत्रं उभारली. 1880 मध्ये स्थापन झालेल्या पोलिश नॅशनल अलायन्सने सभासदांना आयुर्विमा दिला; कमावता माणूस गेला तर कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून.

अशा संस्थांमुळे हे लोक अमेरिकेपासून अलग राहिले, असा आक्षेप घेतला जातो. भाषा जपली गेली, वस्त्या वेगळ्या राहिल्या, हे खरंच. पण सभा चालवणं, हिशेब ठेवणं, पदाधिकारी निवडणं हे नागरिकत्वाचे धडे अनेकांनी तिथेच गिरवले. शिवाय हक्कांची जाण जुनीच होती: व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीतल्या पोलिश कारागिरांनी तंटा करून 1619 मध्येच मताधिकार मिळवला होता.