टॉप मॉडेल घ्यावं की मधलं?

नागपुरात एसयूव्ही घेताना गाडी ठरते लवकर, घोळ होतो व्हेरिअंटचा. शोरूममधला माणूस आधी सनरूफ उघडून दाखवतो. मुलं खूश होतात. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा भरदुपारी ते छत कोण उघडणार? त्यापेक्षा मागच्या सीटसाठी एसीचे व्हेंट आहेत का, ते पाहा. हवेशीर सीट मिळत असल्या तर इथे ती चैन नाही, गरज आहे.

सुरक्षेसाठी दरवेळी टॉप मॉडेलच घ्यावं लागतं असं नाही. क्रेटाच्या २०२४ च्या आवृत्तीत सहा एअरबॅग अगदी बेस मॉडेलपासून आहेत. मात्र टायरमधला हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा कोणत्या व्हेरिअंटपासून मिळते, हे विचाराच. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तापलेल्या काँक्रीटवरून तासन् तास धावताना तिचं मोल कळतं.

आता पैशांचं. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के रस्ताकर लागतो. डिझेलला दोन्हीकडे दोन टक्के जास्त. म्हणजे किंमत १० लाखांच्या जराशी वर गेली, तरी वाढीव दर सगळ्या रकमेवर बसतो. म्हणून एक्स-शोरूम नव्हे, ऑन-रोड आकडेच शेजारी ठेवून बघा. रिव्हर्स कॅमेरा, म्युझिक सिस्टिम नंतरही बसवता येते, एअरबॅग नाही. अलॉय व्हीलसाठी मात्र मी तरी वरचं व्हेरिअंट घेणार नाही.