माशीचा शत्रू उकिरड्यावरच

घरातील माश्यांवर औषध फवारले, की चार दिवस बरे जातात. पुन्हा तोच उपद्रव सुरू होतो. कारण माशीची पैदास घरात नव्हे, तर गोठ्याच्या उकिरड्यात आणि कोंबड्यांच्या पिंजऱ्यांखालील ओल्या विष्ठेत होते. एक मादी आयुष्यात सुमारे ५०० अंडी घालते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याची माशी होते. शिवाय ती औषधालाही सरावते, डी.डी.टी.ला न जुमानणाऱ्या माश्या स्वीडनमध्ये १९४६ मध्येच आढळल्या होत्या.

निसर्गाने मात्र तिच्यावर पहारा ठेवला आहे. स्पॅलँजिया आणि मस्किडिफ्युरॅक्स हे गांधीलमाशीच्या वर्गातील, अवघे दोन-तीन मिलिमीटर लांबीचे कीटक खतात शिरून माशीचे कोष शोधतात. मादी कोषाला छिद्र पाडून आत अंडे घालते. त्यातून निघालेली अळी आतील माशीवर जगते आणि कोषातून माशीऐवजी हा मित्रकीटक बाहेर पडतो. माणसांना वा जनावरांना तो डंख करीत नाही.

तथापि त्याची एक पिढी पुरी होण्यास दोन ते चार आठवडे लागतात. माशी त्याहून वेगाने वाढते. म्हणून हे कीटक एकदाच सोडून भागत नाही. माश्या वाढण्यापूर्वीच सुरुवात करून ते पुनःपुन्हा सोडावे लागतात. खत कोरडे ठेवावे, पाण्याची गळती थांबवावी. उकिरड्यावर कीटकनाशक फवारू नये. त्याने माशीबरोबर तिचा शत्रूही मरतो. खत उचलताना जुना कोरडा थर थोडा मागे ठेवावा. मित्रकीटकांची पुढची पिढी त्यातच वाढत असते.