पुन्हा तोच मुक्काम

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला प्रवासी पांढरकवडा मागे टाकून पैनगंगेच्या पुलावर येतो, तेव्हा महाराष्ट्र संपतो आणि तेलंगण सुरू होते. पाट्यांवरची लिपी बदलते. भूमी मात्र बदलत नाही. तीच काळी माती, तीच कपाशी, तोच सागवान. आदिलाबाद आणि गुडिहतनूर ओलांडले की इचोडा लागते. येथे चहाला थांबून मराठीत चौकशी केली, तर उत्तरही बहुधा मराठीतच मिळते. या वाटेने एकदा गेलेला माणूस दुसऱ्या खेपेस पुन्हा याच टापूत थांबू पाहतो. असे का व्हावे?

या प्रश्नाचा विचार करताना एका दूरच्या सीमेची आठवण होते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात मेक्सिकोच्या हद्दीवर युमा नावाचे शहर आहे. उत्तरेकडील बर्फाला कंटाळलेली निवृत्त मंडळी दर हिवाळ्यात चाकांवरची घरे घेऊन तेथे उतरतात आणि सीमेपलीकडील लॉस अल्गोदोनेस या गावी स्वस्तात दात व चष्मे करून घेण्यासाठी जाऊन येतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसा हा प्रकार. ज्याचे घरच चाकांवर आहे, त्याला कोठेही थांबता येईल. तरीही यांतील कितीतरी माणसे वर्षानुवर्षे त्याच जागी परत येतात. अर्थात मुक्काम ही केवळ सोयीची बाब नव्हे. तो एक संबंध आहे, आणि संबंध म्हटला की तो पुन्हा पुन्हा उजळावा लागतो.

आपल्याकडील सीमेचा इतिहास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे आले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. इचोडा हे त्याच बोथ तालुक्यातले. म्हणजे आज सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यास इस्लापुराकडे जाणारा इचोड्याचा रहिवासी परराज्यात जातो. त्याचा आजा मात्र आपल्याच तालुक्यात जात असे. बासरच्या सरस्वतीपुढे मुलांना अक्षरे गिरवायला नेणाऱ्या नांदेडकरांची गत हीच. आदिलाबादचा लोहमार्ग तर एकीकडे किनवटमार्गे मुदखेडला आणि दुसरीकडे माजरीला, म्हणजे दोन्ही दिशांनी महाराष्ट्रातच जातो. पुढे 2014 साली तेलंगण झाले आणि 2016 साली आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. रेषा अशा सरकत राहिल्या. माणसांचे मुक्काम मात्र जागचे हलले नाहीत.

यांतील सर्वांत जुन्या परंपरेचा मुक्काम केस्लापूरचा. गुडिहतनूरहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, इंद्रवेल्लीजवळ हे गाव आहे. मेश्राम कुळाच्या गोंडांचे दैवत नागोबा येथे आहे आणि पौष अमावास्येच्या रात्री त्याची महापूजा होते. पूजेसाठी लागणारे गोदावरीचे पाणी जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूहून आणायचे, तेही अनवाणी आणि ठरलेल्या गावी ठरलेले मुक्काम करीत. पूजेची मडकी इचोड्याच्या बाजूच्या सिरिकोंडा गावचे कुंभार घडवतात. पाणी आल्यावर ते वडाच्या झाडाखाली ठेवतात व कुळातील माणसे तेथेच उतरतात. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुनांची या वेळी देवाशी आणि कुळाशी ओळख करून देतात. या विधीला भेटिंग म्हणतात. त्यातला ‘भेट’ हा शब्द मराठी माणसाला निराळा समजावून सांगावा लागत नाही.

हे मुक्काम का टिकले? पहिले कारण पाणी व सावली. पायी आणि बैलगाडीने चालणाऱ्याला ती जेथे मिळतात तेथेच थांबावे लागते. दुसरे कारण परस्परांची गरज. कुंभाराला यात्रेची, यात्रेला कुंभाराची. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. 1940 साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारला गेला, तेव्हा गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले. रानावनात विखुरलेली ही माणसे नागोबाच्या यात्रेत एकत्र भेटतात, हे ध्यानी घेऊन त्याच दशकात तेथे दरबार भरवण्याची प्रथा सुरू झाली. अधिकाऱ्यांनी यावे, लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, असा तिचा हेतू. ज्या जागी लोक न बोलावता परत येतात, त्या जागीच त्यांचे म्हणणे ऐकता येते, हे शहाणपण त्यामागे होते.

आता या मुक्कामांपुढे निराळाच प्रश्न उभा आहे. पूर्वीचा सातव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आज चव्वेचाळीस क्रमांकाचा झाला, रुंद झाला आणि आदिलाबाद, निर्मल यांसारख्या गावांना बाहेरून वळसा घालून धावू लागला. प्रवास सुखाचा झाला, अपघातांची व धुळीची पीडा गावांतून कमी झाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु गाव टाळून जाणारा रस्ता गावाची ओळखही टाळतो. निर्मलची लाकडी फळे व खेळणी घडवणारे नक्षी कारागीर, नेरेडिगोंड्याहून आत असलेला कडेम नदीवरचा कुंतल धबधबा, इचोड्याचा बाजार, हे सारे भरधाव वाहनाच्या काचेतून दिसत नाही. 1956 च्या रेषेने येथील माणसे तुटली नाहीत, कारण दोन्हीकडचे लोक येत-जात राहिले. थांबणेच थांबले, तर जे सीमेला साधले नाही ते वेगाला सहज साधेल.

म्हणून दक्षिणेकडे जाणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पैनगंगा ओलांडल्यावर कोठेतरी मोठा रस्ता सोडावा, आत वळावे, चार शब्द बोलावेत. आणि परतताना, अगर पुढच्या वर्षी, पुन्हा त्याच ठिकाणी थांबावे. पहिल्या खेपेस आपण गिऱ्हाईक असतो. दुसऱ्या खेपेस पाहुणे होतो.